परकार बाईंनी ‘वस्ती’ असे लिहिले होते

आधी दिवस आणि जबाबदार माणसे नोंदवतो. ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्या व्यक्तीकडे त्यानंतर येईन.

पहिला दिवस, गेल्या हिवाळ्यात इथे बहारीनमध्ये आमच्या मराठी मुलांच्या शुक्रवार वर्गाची प्रश्नमंजूषा झाली त्याच्या आदला दिवस, गुरुवार. त्या दिवशी वर्गाच्या चिटणीस सौ. टिपणीस यांनी परकार बाईंनी लिहून दिलेल्या एका प्रश्नातील शब्द बदलला आणि ज्यांचा तो शब्द होता त्यांना विचारले नाही. दुसरा दिवस, प्रश्नमंजूषेचा शुक्रवार. त्या दिवशी पालक श्री. सरंजामे यांनी भर सभागृहात बाईंच्या वयाचा उल्लेख केला, आणि अध्यक्ष श्री. घैसास यांनी बाई बोलत असताना त्यांच्या हातातील ध्वनिक्षेपक काढून घेतला. तिसरा दिवस, त्यानंतरचा रविवार. त्या दिवशी समितीने सर्व पालकांना एक निवेदन पाठवले आणि त्यात बाईंनी कधीही न उच्चारलेले वाक्य त्यांच्या तोंडी घातले. चौथा दिवस, बाई बहारीन सोडून गेल्या तो. त्या दिवशी वरीलपैकी कोणी काही केले नाही, आणि माझ्या मते ते काही न करणे हाही अपराधच आहे. चारही दिवसांची जबाबदारी मी ह्या तिघांवर एकत्रितपणे आणि प्रत्येकावर स्वतंत्रपणे ठेवतो.

मी वकील नाही. मीना सलमान बंदराजवळच्या एका जहाजदुरुस्ती कंपनीत मी नोकरीभर करारपत्रे तपासली. एक शब्द बदलला की अख्खे जहाज कोणाच्या गळ्यात पडते, हे मी पाहिलेले आहे. म्हणून ‘एवढ्याशा शब्दासाठी’ ही शब्दयोजना माझ्यासमोर कोणी करू नये.

नफीसा परकार मूळच्या रत्नागिरीच्या. ईसा टाउनमधल्या एका शाळेत त्यांनी निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवला, इंग्रजीतून. निवृत्तीनंतर राजधानी मनामातल्या एका भाड्याच्या सभागृहात दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी मराठी मुलांसाठी वर्ग भरू लागला, तेव्हा तोच भूगोल त्यांनी मराठीतून शिकवायला घेतला. मी नातीला वर्गाला सोडायला जात असे आणि परत जाण्याऐवजी मागच्या बाकावर बसत असे. नात मोठी होऊन कॅनडाला गेली, तरी मी बसतच राहिलो.

बाई ठेंगण्या, सुती साडीतल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या. पायांत मात्र पांढरे कापडी बूट, कारण भूगोल हा चालण्याचा विषय आहे असे त्यांचे मत होते. पर्समध्ये खडू आणि स्वतःचा स्टीलचा पेला. कागदी पेल्यातला चहा त्यांनी माझ्यासमोर कधी घेतला नाही. स्तुतीच्या बाबतीत त्या कमालीच्या कंजूष होत्या. ‘चालेल’ ही त्यांची सर्वोच्च पदवी, आणि ती मिळवण्यासाठी मुलांना महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे. उशिरा येणाऱ्याला त्या दारातच उभे करून सगळ्यांसमोर विचारत, ‘कुठल्या गल्लीनं आलास, बाबा? नकाशावर दाखव.’ आपले अक्षर सुंदर आहे ह्याचा त्यांना गर्व होता आणि तो त्या लपवत नसत. बोलताना मध्ये बोललेले त्यांना खपत नसे. थोडक्यात, त्या सर्वांना आवडतील अशा नव्हत्या आणि तसे व्हावे म्हणून त्यांनी कधी कष्टही घेतले नाहीत.

आडनावाचा त्यांनी एक विनोद करून ठेवला होता. वर्तुळ काढायच्या कंपासला उर्दूत परकार म्हणतात. नव्या मुलांना त्या पहिल्याच दिवशी सांगत, ‘माझं नावच परकार. मी गोल काढून देणार. आत कोण, बाहेर कोण, ते तुम्ही मोजायचं.’

हा नुसता विनोद नव्हता, हीच त्यांची शिकवण होती. कोणी म्हणाले की अमुक शहर फार गर्दीचे आहे, की त्यांचा प्रश्न ठरलेला असे: ‘आधी कुंपण दाखव, मग गर्दी सांग.’

हे त्यांनी मुलांना कसे पटवले ते सांगतो. एका शुक्रवारी त्यांनी वर्गाची बस ठरवली, मनामापासून थेट अस्करपर्यंत. मुलांना सांगितले, ‘जिथे मनामा संपलं असं वाटेल तिथे हात वर करायचा. शेजाऱ्याकडे बघायचं नाही.’ एका मुलीने उंच इमारती मागे पडताच हात वर केला. एकाने ईसा टाउन आल्यावर केला, का तर तिथे त्याचे घर होते आणि आपण मनामात राहत नाही एवढे त्याला पक्के ठाऊक होते. दोघांनी रिफा ओलांडल्यावर केला. एकाने शेवटपर्यंत केलाच नाही, कारण रस्ता कुठे तुटला नव्हता. बाईंनी मग केरळी ड्रायव्हरला विचारले, ‘भाई, आप बताओ, मनामा किधर खतम हुआ?’ तो आरशातून पाहत म्हणाला, ‘मॅडम, मेरे को सिरफ पेट्रोल किधर खतम होता है वो मालूम है.’

अस्करला ॲल्युमिनियमच्या कारखान्याजवळ उतरवून, वाऱ्यात पदर सावरत, त्यांनी सगळ्यांना एका रांगेत उभे केले. ‘ज्यानं हात लवकर वर केला त्याचं मनामा दाट. ज्यानं उशिरा केला त्याचं विरळ, कारण त्यानं मधली मोकळी जमीनही आत घेतली. शहर तेच, माणसं तीच. मग खोटं कोण बोललं?’ कोणीच नाही, असे एक मुलगा चाचरत म्हणाला. ‘चालेल,’ बाई म्हणाल्या. तो मुलगा परतीच्या वाटेवर सबंध वेळ खिडकीबाहेर पाहून हसत होता.

अमेरिकेच्या दोन शहरांचा धडा त्यांनी ह्याच्या पुढचा म्हणून योजला होता. मी एकदा विचारले, ‘बाई, मुंबई-पुणे सोडून न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस कशासाठी?’ त्या म्हणाल्या, ‘ही मुलं गावाला सुट्टीत आठवडाभर जातात आणि तेवढ्यातही त्यांना डास चावतात. जन्म काढणार अमेरिकेत. कुठे काढणार ते निदान मराठीत कळू दे.’

त्या स्वतः अमेरिकेला कधी गेल्या नव्हत्या. कोणी ते काढले की त्या शांतपणे म्हणत, ‘मी चंद्रावरही गेलेले नाही. ग्रहण शिकवू नको का?’

धडा असा होता. सभागृहाच्या फरशीवर त्यांनी खडूने दोन मोठे चौकोन आखले. पहिल्यात मुलांची मोठी टोळी पाठवली आणि बहुतेकांना मधोमध खांद्याला खांदा लावून कोंबले. उरलेल्यांना कडेकडेने दूर दूर उभे केले. हे न्यूयॉर्क. मधला गठ्ठा म्हणजे मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्सच्या जुन्या आळ्या. कडेचे म्हणजे आजूबाजूची, दुसऱ्या राज्यांतलीसुद्धा, अंगणांची घरे, जिथून माणसे रोज आत कामाला येतात. दुसरा चौकोन लहान. त्यात मुले कमी, पण सगळी सारख्या अंतरावर. हे लॉस एंजेलिस. कोरियाटाउनसारख्या एखाददुसऱ्या भागात खरोखरीची दाटी, पण एरवी मैलोन्‌मैल तीच ती घरे, तेवढ्याच अंगणांची, मध्ये मोठी पोकळी नाही.

‘लोकसंख्या कोणाची जास्त?’ न्यूयॉर्कची, मुले ओरडली. ‘मधल्या गठ्ठ्याभोवतीच गोल काढला तर दाट कोण?’ न्यूयॉर्क, कितीतरी पटीने. ‘आणि अख्ख्या चौकोनाभोवती काढला तर?’ मुलांनी फरशी पाहिली, एकमेकांना पाहिले, आणि सरंजाम्यांची मुलगी ईरा हळूच म्हणाली, ‘ओ. देन एल. ए. विन्स.’

‘मराठीत, बाय.’

‘मग लॉस एंजेलिस जास्त दाट.’

‘असं. न्यूयॉर्क म्हणजे मोदक, सारण सगळं मधे. लॉस एंजेलिस म्हणजे सांदण. कुठूनही कापा, सारखंच.’

ह्यात बाईंनी मनचे काही घातलेले नव्हते. शहराची हद्द घ्यावी की सलग वसलेला सगळा भाग घ्यावा, ह्यावर उत्तर उलटते. तिकडची जनगणनाच दोन्ही प्रकारे मोजते, आणि ज्याला शंका असेल त्याने ती उघडून पाहावी. ह्या दुसऱ्या प्रकाराला बाईंनी मराठी नाव दिले होते ‘नागरी वस्ती’. त्या शब्दावर त्यांचे प्रेम होते. ‘कोकणात रात्री गावात मुक्कामाला थांबते ती वस्तीची गाडी. पाहुणा रात्र काढतो तो वस्तीला राहतो. जिथे माणूस रात्री पाठ टेकतो ती वस्ती. जनगणनाही तेच विचारते, तू दिवसा कुठे हिंडतोस ते नाही.’

त्याच दिवशी ईराचे वडील, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले श्री. सरंजामे, मुलीला न्यायला लवकर आले होते. ते दारातूनच म्हणाले, ‘बाई, मी न्यूयॉर्कमध्ये राहिलोय. तिथे श्वास घ्यायला जागा नसते.’

‘घर कुठे होतं तुमचं?’

‘न्यू जर्सीत. छान होतं, मागे मोठं यार्ड. हरणं यायची.’

‘म्हणजे गर्दीत फक्त ऑफिसला,’ बाई म्हणाल्या, ‘आणि वस्तीला हरणांबरोबर. बघा रे मुलांनो, कडेला उभे असलेले काका हे.’

मुले मोकळेपणाने हसली, ईराही हसली. सरंजामे हसले नाहीत. माणसाला आपल्याच साक्षीने खोटे पाडले की तो ते विसरत नाही, आणि हे गृहस्थ विसरले नाहीत.

आता गुरुवार. खुर्च्या मांडून घ्यायला मी सभागृहात गेलो होतो. सौ. टिपणीस लॅपटॉपवर प्रश्न टाइप करत होत्या. त्यांनी स्वतःहून मला सांगितले, कोणी विचारलेले नसताना. ‘काका, बाईंच्या प्रश्नातलं “नागरी वस्ती” काढून मी सरळ “शहर” केलं. वस्ती म्हटलं की झोपडपट्टीच वाटते हो. पुण्यात आम्ही वस्तीतली मुलं म्हणतो ना, तसं. पालक म्हणतील, हे काय शिकवताय.’

‘बाईंना विचारलंत?’

‘अहो, एवढ्याशा शब्दासाठी?’

‘आत्ता फोन करा,’ मी म्हणालो. ‘शब्द बदलला तर उत्तर बदलतं.’ त्यांनी हसून मान हलवली आणि पुढचा प्रश्न टाइप करायला घेतला. उत्तराच्या रकान्यात ‘लॉस एंजेलिस’ तसेच राहिले. म्हणजे प्रश्न सौ. टिपणिसांचा आणि उत्तर परकार बाईंचे, अशी ती जोडी दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर चढली.

अंतिम फेरीत तो प्रश्न ईराच्या वाट्याला आला. सौ. टिपणिसांनीच वाचला: न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस यांपैकी कोणते शहर अधिक दाट? मुलीने क्षणभर विचार केला. तिला बाईंनी शिकवले होते की आधी कुंपण पाहायचे, आणि प्रश्नात कुंपण होते ‘शहर’. ती म्हणाली, न्यूयॉर्क. ‘चूक,’ सौ. टिपणीस म्हणाल्या, ‘बरोबर उत्तर, लॉस एंजेलिस.’ ढाल दुसऱ्या मुलाकडे गेली.

सरंजामे उठले. हातात फोन, त्यावर गूगल. ‘काय चाललंय हे? जगजाहीर गोष्ट आहे. प्रश्न कोणी काढले?’

त्यावर परकार बाई दुसऱ्या रांगेतून उठल्या, पायऱ्या चढल्या आणि त्यांनी ध्वनिक्षेपक घेतला. त्या काय बोलल्या ते मी शपथेवर सांगायला तयार आहे. त्या म्हणाल्या, ‘मुलीचं उत्तर बरोबर आहे. प्रश्न चुकीचा आहे. मी असा लिहिलेला नव्हता. मी लिहिलं होतं...’ एवढ्यात घैसास पुढे झाले, ‘बाई, आता वाद नको, मुलं दमलीत’, आणि त्यांनी ध्वनिक्षेपक काढून घेतला. चौथे वाक्य पुढच्या दोन रांगांपलीकडे गेले नाही. बाई बोलतच होत्या, पण सभागृहाला दिसले ते फक्त हलणारे ओठ. मग खालून सरंजाम्यांचा आवाज आला, ‘जाऊ द्या हो, ह्या वयात असं होतंच.’ काही लोक हसले. आपल्या मुलीच्या बाजूने उभी राहिलेली एकमेव व्यक्ती कोण होती, हे त्या गृहस्थांना त्या दिवशी कळले नाही. नंतर मी कळवले, तरीही कळले नाही.

सौ. टिपणीस व्यासपीठावर होत्या. एक वाक्य बोलायचे होते: शब्द मी बदलला. त्यांनी कागद आवरले.

रविवारचे निवेदन असे: ‘आपला प्रश्न चुकीचा होता अशी कबुली परकार बाईंनी मोठ्या मनाने दिली आहे. वयोमानानुसार त्यांना विश्रांती मिळावी म्हणून यापुढे वर्गाची व्यवस्था अन्य शिक्षिकेकडे सोपवत आहोत.’ ‘प्रश्न चुकीचा आहे’ ह्याच्या आधी ‘आपला’ हा एक शब्द लावला की तक्रारीची कबुली होते. आधी एक शब्द काढून बाईंना चूक ठरवले, मग एक शब्द घालून त्यांच्याकडून ती मान्य करवून घेतली. मी ज्या कंपनीत होतो तिथे अशा कामासाठी माणसाला नोकरीवरून काढून दारापर्यंत सोडून येत.

बाईंना वर्ग गेल्याचे दुःख होतेच, पण ते त्यांनी बोलून दाखवले नाही. त्यांच्या मुलाच्या घरी मी भेटायला गेलो तेव्हा त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होत्या: ‘माझ्या मुलांना वाटणार, बाईंनी खोटं शिकवलं. तो चौकोन, ती बस, सगळं खोटं.’ आणि झालेही तसेच. नव्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगितले की न्यूयॉर्कच दाट, विषय संपला. मुलांनी तसे वहीत उतरवून घेतले.

मी ह्या तिघांना पत्रे लिहिली. बाईंनी पहिले पत्र वाचून परत दिले. ‘वकीलसाहेब,’ त्या मला थट्टेने असेच म्हणत, ‘तुमचं पत्र न्यूयॉर्कसारखं झालंय. मुद्दा सगळा मधे गच्च, कडेनं नुसती मोकळी जागा.’ मी कडा छाटल्या. तरी उत्तर आले नाही. पुढची पत्रे मी बाईंना न दाखवता पाठवली, त्या पत्रांनाही उत्तर आले नाही. घैसास एकदा भाजीच्या दुकानात भेटले तेव्हा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘काका, सोडा ना आता. खलास.’ मी त्यांचा हात खाली ठेवला. संक्रांतीला त्यांनी तिळगूळ पुढे केला, तो मी घेतला नाही आणि का घेत नाही ते चारचौघांत सांगितले. तेव्हापासून समितीच्या प्रत्येक कार्यक्रमात ‘कोणाला काही विचारायचे आहे का’ असे म्हटले की मी उभा राहतो. हल्ली ते म्हणणेच बंद केले आहे. म्हणून मी कोणी म्हणण्याची वाट न पाहता उभा राहतो. ह्यात मला समाधान मिळते का, असे एका स्नेह्याने विचारले. मिळते. मला ह्या तिघांची झोप उडालेली हवी आहे, आणि हे मी सभ्य शब्दांत झाकून ठेवणार नाही.

बाई मुलाच्या व्हिसावर इथे राहत होत्या. गावी ये म्हणून बहिणी बोलावत, तर त्या म्हणत, ‘शुक्रवारी वर्ग असतो ना.’ शुक्रवार गेला, कारण गेले.

त्यांना मी शेवटचे पाहिले ते, त्या गावी निघायच्या आधी, ईसा टाउनच्या बाजारात. त्या मोठी बॅग घ्यायला आल्या होत्या आणि दुकानदाराशी चाकांवरून वाद घालत होत्या, कोकणातल्या चढणीवर ही चाके टिकणार नाहीत म्हणून. मी नमस्कार केला. तेवढ्यात गर्दीतून ईरा धावत आली. तिची आई मागे, पिशव्या घेऊन, थांबलेली.

‘मिस,’ ईरा म्हणाली, धापा टाकत, ‘सो हू वॉज राइट? यू ऑर मी?’

बाईंनी बॅग खाली ठेवली. ‘मराठीत, बाय.’

‘बरोबर कोण होतं?’

‘दोघी. तू शहराचं उत्तर दिलंस. मी वस्तीचं विचारलं होतं.’

‘मग कोणी सांगितलं का नाही?’

बाई काहीतरी बोलणार होत्या. आईने हाक मारली, ‘ईरा, यल्ला, चल लवकर, पप्पा गाडीत थांबलेत.’ मुलगी गेली, मागे वळून पाहत. बाई माझ्याकडे वळल्या नाहीत. त्यांनी दुकानदाराला पैसे दिले, बॅगेचा पट्टा धरला, चाके तपासून पाहावीत तशी ती चार पावले ओढली, आणि दोन दुकानांच्या मधल्या बोळातून पलीकडच्या उन्हात निघून गेल्या. पांढरे बूट तेवढे काही वेळ दिसत राहिले.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर परकार बाईंनी द्यायचे नव्हते. ते ज्यांनी द्यायचे त्यांची नावे मी वर दिली आहेत. सौ. टिपणीस, ‘वस्ती’ हा शब्द आपण बदललात की नाही? श्री. घैसास, बाईंनी ‘आपला प्रश्न’ असे म्हटले की नाही? श्री. सरंजामे, आपल्या मुलीचे उत्तर बरोबर आहे असे त्या सभागृहात सर्वात आधी कोण म्हणाले? प्रत्येकाचे उत्तर एका वाक्यात मावते. ते मला खाजगीत सांगू नये, मध्यस्थाकरवी पाठवू नये. येत्या वार्षिक सभेत, त्याच मुलांच्या समोर, उभे राहून द्यावे. आधी सौ. टिपणीस, आपण.